साइज ऍपवरच असेल तर दुकान उघडलंय कशाला?

मला एक सांगा, दोन मजली चकाचक दुकान, आत एसी इतका की हातावर काटा येतो, दारात सिक्युरिटीवाला पिशवी उघडून बघतोय, गाणी इतक्या मोठ्याने की शेजारी उभ्या माणसाशी बोलता येत नाही, आणि एवढा थाट करून साधा पांढरा कॉटनचा हाफ शर्ट ४४ साइजमध्ये मागितला तर उत्तर काय, "मॅम, साइज नहीं है, ऐप पे मिल जाएगा." अरे ऍपवरच घ्यायचा होता तर मी फोंड्याहून बस धरून, बाणास्तरीच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होत पणजीला कशाला आले असते??

गणपतीची चवथ तोंडावर आलीय. यादी काही मोठी नव्हती, बाबांना शर्ट, आईला सुती परकर, भाच्याला काहीतरी. परकर म्हटल्यावर तर त्या पोरीने माझ्याकडे असं बघितलं की मी नांगर मागितला! शर्ट जेवढे होते तेवढे सगळे स्लिम फिट. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने स्लिम फिट घालून आरतीला उभं राहायचं का? वयस्कर माणसं कपडे घालतच नाहीत असं या कंपन्यांनी ठरवून टाकलंय बहुतेक.

त्या पोरीवर माझा राग नाही हं, आधीच सांगते. सकाळपासून उभी, बसायला स्टूलसुद्धा नाही, अख्ख्या मजल्याला ती एकटी, कपड्यांच्या घड्या तीच घालणार, ट्रायल रूमवर तीच, आणि वर किती लोकांकडून ऍप डाउनलोड करून घेतलं त्याचं टार्गेट. कापडाबद्दल तिला कोणी काही शिकवलेलंच नाही तर ती काय सांगणार? हा शर्ट धुतल्यावर आटेल का एवढंच विचारलं मी, तर ती टॅग वाचायला लागली. टॅग मलाही वाचता येतो गं बाई.

मग बिलिंग. चार काउंटर, चालू एक. रांगेत उभं राहून नंबर लागला की पहिला प्रश्न, मोबाइल नंबर? दिला नाही तर म्हणे सिस्टीम बिल पुढे घेत नाही. खोटं आहे हे, शुद्ध खोटं. मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना कळवलंय की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मागे नंबरसाठी लागू नका. नंबर दिला की दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू, सेल, पॉइंट, वाढदिवसाची ऑफर, लोन सुद्धा! आणि शेवटी पिशवी. आधी कुठे बोर्ड नाही, कोणी सांगितलेलं नाही, पैसे देताना हळूच "कॅरी बॅग चाहिए?" आणि बिलात रक्कम लागलेली. यावरही डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा निकाल आहे, गिऱ्हाइकाला आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे म्हणून. कोण ऐकतंय?

पणजीत पूर्वी एक तीन माळ्यांचं दुकान होतं, नाव नाही घेत, आमच्या वयाच्या लोकांना कळेल. खाली भांडी, वर कापड, त्याच्या वर शाळेचे युनिफॉर्म, रेनकोट, बॅगा. जूनच्या आधी अख्खं गोवा तिथे. कापडाच्या काउंटरवरचा म्हातारा माणूस नुसतं खांद्याकडे बघून साइज सांगायचा, आणि वर सांगायचा, "बाये, पयलीं मिठाच्या उदकांत घाल, मागीर धू." नाही आवडलं तर दहा तागे उलगडून दाखवायचा आणि काहीच न घेता उठलात तरी घड्या घालत बसायचा. सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही, बदलून द्यायची वेळ आली की तोंड वाकडं व्हायचं, दुपारी एकला शटर खाली म्हणजे खाली, गावाहून आलेल्याने उन्हात बसायचं. पण माल होता, आणि त्या मालाची माहिती असलेला माणूस होता. आता खालचा माळा मोबाइलवाल्याला भाड्याने, वर गोडाऊन. पोरांना दुकानात बसायचं नाही, भाडं देऊन परवडत नाही, गाडी लावायला जागा नाही, त्यात शहरातले रस्ते खोदून ठेवले तेव्हा गिऱ्हाईक जे तुटलं ते तुटलंच.

यावर सगळे मला एकच ऐकवतात, ऑनलाइनने मारलं, काळ बदलला, तू पण बदल. अजिबात पटत नाही मला. अमेरिकेतलं सीअर्स बघा, घरोघरी जाडजूड कॅटलॉग पाठवून पोस्टाने माल पोचवणारी सव्वाशे वर्षांची कंपनी, म्हणजे लोकांना घरबसल्या खरेदीची सवय लावणाऱ्यांतलीच एक. तो मोठा कॅटलॉग त्यांनी १९९३ मध्ये बंद केला आणि पुढच्याच वर्षी ऍमेझॉन सुरू झालं! २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. इंग्लंडचं डेबेनहॅम्स १७७८ पासूनचं, त्याची शेवटची दुकानं मे २०२१ मध्ये बंद झाली. आपल्याकडे बिग बझार २००१ मध्ये आलं तेव्हा काय गर्दी, २०२२ मध्ये पाट्या उतरल्या, ते तर कर्जात बुडालं. प्रत्येकाची कारणं वेगळी, कर्ज, मालकांचे खेळ, सगळं असेल, पण खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते? मजल्यावरच्या माणसावर. मग माल कमी. मग गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं, आणि हे म्हणतात लोक ऑनलाइन गेले. गेले नाहीत हो, तुम्ही हाकललंत!

आणि ऑनलाइनचं सुख तरी आहे का आमच्या गावात? कुरिअरवाल्याचा फोन येतो, "मॅडम, लोकेशन भेजो." लोकेशन पाठवलं तर तो पोचतो पलीकडच्या वाड्यावर, कारण मॅपला आमची पायवाट रस्ता वाटते. मग म्हणतो बोरीच्या पुलाकडे या. पावसात, छत्री घेऊन, स्वतः पैसे भरलेलं पार्सल आणायला मीच जायचं! आणलं तर साइज छोटी. परत पाठवायचं तर आमच्या पिनकोडला पिकअप मिळत नाही. आईने तर सांगूनच टाकलंय, मला हात लावून बघितल्याशिवाय काही नको. बरोबर आहे तिचं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अजून भरतो, फोंड्यात बागायतदार सहकारी संस्थेच्या दुकानात अजून लोक रांगा लावून सामान घेतात. तिथे जाणाऱ्या लोकांकडे मोबाइल नाहीत का? आहेत की. पण तिथे माल समोर असतो आणि विचारलं तर कोणीतरी उत्तर देतं.

भाच्यासाठी जी पँट घेतली त्या दोन मजली दुकानातून, तिची शिवण घरी येऊन एकदा घातल्यावर उसवली. परत घेऊन गेले तर बिलावर बोट ठेवून दाखवलं, सेलचा माल परत नाही. सेल असो नाहीतर काही असो, खराब माल खराबच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सरळ लिहिलंय की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. मॅनेजरला हे सांगितलं तर तो म्हणतो हेड ऑफिसला मेल करा. हेड ऑफिस बेंगळुरूला! दुकान पणजीत, पैसे पणजीत घेतले, पँट पणजीत विकली, आणि भांडायला बेंगळुरू?

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार घातलीय मी, पँट आणि बिल दोन्ही जपून ठेवलंय. आणि ज्यांना ज्यांना असं "हेड ऑफिस" ऐकवलंय त्यांनीही घाला तक्रार, पिशवीच्या पैशांची सुद्धा घाला, रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका, आपण सोडतो म्हणूनच यांचं फावतं.