खडे फोडायलाच हवेत

जळगाव-धुळ्याकडच्या संगणक क्लासवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: वेबची मानकं, म्हणजे वेबसाइट आणि ब्राउझर कसे चालावेत याचे सामाईक नियम, खुली आहेत, ती ठरवायला कुणीही बसू शकतं, निर्णय सहमतीने होतात आणि नाही पटलं तर ब्राउझर बदला; गूगलच्या नावाने खडे फोडणं बंद करा.

कुणीही बसू शकतं हे इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेपुरतं खरं आहे. तिथे सदस्यत्वच नसतं. पण क्विक या, वेबवरचा डेटा वेगाने पोचवायच्या प्रोटोकॉलचा गट २०१६ साली बसला आणि त्याचं मानक, आरएफसी ९०००, निघालं मे २०२१ मध्ये. एवढी वर्षं हेच काम करायचा पगार चोपड्याच्या डेव्हलपरला कोण देणार? क्विक मुळात गूगलचं, क्रोममध्ये आधीच चालू असलेलं. अर्थात त्या गटाने गूगलला मोकळं रान दिलं नाही. कंपनीचं स्वतःचं एन्क्रिप्शन (माहिती गुप्त ठेवायची पद्धत) काढून टीएलएस १.३ हे खुलं मानक घातलं, हे मान्य करायला हवं.

सहमतीचं म्हणाल तर डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेतलं ईएमई प्रकरण बघा. व्हिडिओला कुलूप लावायची ही सोय. मसुदा लिहिणारे गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्सचे. सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांवर खटले भरणार नाही एवढं तरी लिहून द्या, अशी डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफ या संस्थेची मागणी होती. ती मान्य झाली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये मतदानाचा निकाल लागला: १०८ बाजूने, ५७ विरोधात, २० तटस्थ. ईएफएफ डब्ल्यूथ्रीसीतून बाहेर पडली. यातली खरी मेख अशी की मोठ्या ब्राउझरांत ईएमई त्याआधीच बसलेलं होतं. रावेर-सावद्याकडे केळीचा भाव फलकावर लागतो, पण बागेतून माल उचलणारा व्यापारी देईल तोच खरा, तसंच हे.

वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचा कारभार तर २०१९ पासून व्हॉटडब्ल्यूजी या ब्राउझर कंपन्यांच्या गटाकडे आहे. त्याच्या सुकाणू गटात चौघंच: ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला. आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बरीचशी कमाई गूगलशी असलेल्या सर्चच्या करारातून येते!

राहिलं ब्राउझर बदलणं. अमळनेरच्या एका केंद्रात मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावलाय, ‘फॉर्म फक्त क्रोममध्येच भरा’. फायरफॉक्समध्ये कॅप्चाचं चित्रच उमटत नाही. चालक पोरगा म्हणतो, “आबा, थांबा, क्रोममधून टाकतो.” मायक्रोसॉफ्टचा एज घ्यावा, तर जानेवारी २०२० पासून तोही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोम ज्यावर बनतो त्या गूगलच्याच पायावर. ऑपेरा त्याच्या कितीतरी आधी तिकडे गेला. पाटी बदलते, इंजिन तेच.

कंपन्यांनी काहीच दिलं नाही असं नाही. डब्ल्यूथ्रीसीच्या २००४ च्या पेटंट धोरणामुळे मानकं वापरायला रॉयल्टी लागत नाही, आणि त्यावर कंपन्याही राजी झाल्या.

पण खडे फोडणं बंद करा, हे कशासाठी? २०२३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी वेब एन्व्हायर्नमेंट इंटिग्रिटी नावाचा प्रस्ताव आणला. वापरणाऱ्याचा ब्राउझर ‘विश्वासू’ आहे का, हे साइटला तपासता येईल अशी ती योजना. मोझिलाने उघड विरोध केला, जगभर ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये गूगलने प्रस्ताव गुंडाळला. कुठल्याही मानक संस्थेत त्यावर मतदान झालं नव्हतं.