चाकं सरकवली की गेज बदलत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, साखर कारखान्याचं जुनं वाफेचं इंजिन गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलून आपल्या पीजेवर, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेवर, चालवणं अशक्य, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की पीजेचं गेज ७६२ मिमी आणि साखर कारखान्यांच्या बऱ्याच जुन्या इंजिनांचं ६१०. वीतभरही फरक नाही, नवे धुरे (अ‍ॅक्सल) टाकले की झालं, मी उगाच बाऊ केला. शिवाय जावातल्या कारखान्याच्या ‘ट्रांगकिल ४’चा दाखला दिलात: ब्रिटिश इंजिन कंपनी हन्स्लेटनं १९७१ साली बांधलेलं हे इंजिन इंग्लंडात नेऊन ६१० वर आणलं. दाखला खरा आहे. लेखात मी ‘अशक्य’ लिहिलं ते चूक होतं, तो शब्द मागे घेतो.

पण धुऱ्यांवर काम संपत नाही. १५२ मिमी वाढवायचे म्हणजे प्रत्येक चाक ७६ मिमी बाहेर जाणार. म्हणून आधी फ्रेम (इंजिनाचा सांगाडा) बघा. फ्रेम चाकांच्या आत असेल, तर क्रँकपिन (रॉड जिला जोडतात ती खुंटी) चाकातच बसवलेली असते. चाक सरकलं की पिनही सरकते आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, क्रॉसहेडच्या (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या) रेषेतून सुटतो. मग सिलिंडर बाहेर घ्या, सिलिंडर हलला की वाफेचे नि एक्झॉस्टचे पाइप हलवा. त्यापेक्षा ६१० ची लाइनच टाकलेली परवडते!

फ्रेम चाकांच्या बाहेर असेल तर गोष्ट वेगळी. क्रँक, म्हणजे रॉड जोडायचे आखूड हात, धुऱ्याच्या टोकाला, फ्रेमबाहेर असतात. चाकं आतल्या आत सरकतात, रॉड जागेवरच राहतात. फक्त चाक आणि फ्रेम यांच्यात ७६ मिमीहून जास्त मोकळी जागा हवी, ब्रेकचे ठोकळेही तेवढेच सरकवावे लागतात. मात्र क्रँक उतरवून परत प्रेसनं बसवताना दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला ९० अंशांचा कोन प्रत्येक धुऱ्यावर तंतोतंत सारखा यायला हवा. तिथे जरा चुकलं की साइड रॉड (धुरे एकमेकांशी जोडणारे दांडे) अडकतात, बुश (पिनीभोवतीची धातूची कडी) तापतात, शेवटी पिन तुटते. सगळ्यात जास्त घात इथेच होतो.

इंजिन कोणतं हे ठरवताना निव्वळ बांधणाऱ्या कंपनीच्या पाटीवर जाऊ नका. पाट्या चोरीला जातात, एका इंजिनाची दुसऱ्यावर चढते. साइड रॉडच्या टोकावरचं ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसा, खाली छिन्नीनं ठोकलेला इंजिनाचा नंबर दिसतो. पण कारखान्यात सुटे भाग अदलाबदल होत, म्हणून सगळ्या रॉडांवर तोच नंबर आहे का बघा.

तुम्ही बघितलेल्या इंजिनाची फ्रेम आत की बाहेर, आणि चाकापासून फ्रेमपर्यंत किती मिमी, एवढं मोजून कळवा. पुढचा हिशेब त्यावरून मांडू.