फट वेल्डिंगने बुजवली तर काय बिघडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्यूब जोडून गाडीची चेसिस, म्हणजे सांगाडा, बनवण्याच्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचे आक्षेप तीन. ट्यूबचं टोक माशाच्या तोंडासारखं कापून दुसऱ्या ट्यूबच्या गोलाईवर बसवणं ही नसती हौस. असं तोंड कापणारं यंत्र, म्हणजे नॉचर, परवडत नाही त्याने काय करायचं? आणि म्हापशाच्या बाजारात एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्तात मिळत असताना सीमलेसचा, म्हणजे बिनसांध्याच्या ट्यूबचा, हट्ट कशाला? वर दाखला दिलाय, की तुमचा फॅब्रिकेटर चतुर्थीच्या आधी पाइप सरळ कापून, फट वेल्डिंगने बुजवून गेट उभं करतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं.

नॉचरचं मान्य. चार इंची ग्राइंडर, अर्धगोल कानस आणि कागदाची पट्टी एवढ्यावर भागतं. 25.4 मिमी ट्यूबचा घेर 79.8 मिमी. तेवढ्या पट्टीचे आठ सारखे भाग करा. त्याच व्यासाच्या ट्यूबला काटकोनात जोडायचं असेल तर पट्टीच्या एका कडेपासून ओळीने 0, 3.7, 12.7, 3.7, 0, 3.7, 12.7, 3.7 मिमी उंचीच्या खुणा करा, गोलाईने जोडा, कापा आणि ट्यूबवर गुंडाळा. तुकड्याची लांबी सेंटर ते सेंटर धरायची, कारण कानांची, म्हणजे तोंडाच्या पुढे आलेल्या दोन बाजूंची, टोकं समोरच्या ट्यूबच्या मध्यरेषेपर्यंत जातात. आतल्या मापाने, म्हणजे दोन ट्यूबमधल्या मोकळ्या अंतराएवढा, कापलात तर दोन्ही टोकांचे मिळून 25.4 मिमी कमी पडतात आणि तुकडा भंगारात.

खुणेवर बरोब्बर कापूनही तोंड लगेच बसत नाही. ग्राइंडर उभा धरून कापलेलं असतं, त्यामुळे कानांची आतली कड समोरच्या ट्यूबला आधी टेकते. तिथे आतून कानस मारायची. मग टोक ब्लेडसारखं पातळ होतं. ते मिलिमीटरभर घासून बोथट करा, नाहीतर आर्क लागताच वितळून भोक पडतं.

दुसरं टोक कापण्याआधी ट्यूब लोखंडी अँगलमध्ये आडवी ठेवा आणि अँगलच्या कडेने लांबीभर एक रेघ ओढा. दोन्ही पट्ट्यांचा शून्य त्याच रेघेवर आला पाहिजे. हे टाळलं की दोन तोंडं एकमेकांशी पिळलेली निघतात आणि मग कितीही घासा, एका बाजूला फट राहतेच. बसलं की नाही ते ट्यूबच्या मोकळ्या टोकातून टॉर्च मारून बघा. उजेडाची रेघ अर्ध्या मिलिमीटरहून जाड दिसली तर पुन्हा कानस.

फट बुजवण्याचं मात्र अजिबात पटत नाही. वेल्ड थंड होताना आकसतो. जितका धातू जास्त, तितकी ओढ जास्त. एका बाजूला 3 मिमी फट असेल तर ट्यूब तिकडेच खेचली जाते. गेट थोडं वाकडं झालं तर कडी ठोकून बसवता येते. चेसिसवर सस्पेन्शन जोडायचे पॉइंट सरकले तर डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर (समोरून दिसणारा कल) आणि टो (वरून दिसणारा आत-बाहेरचा रोख) जुळतच नाही. शिवाय फट भरायला त्या जागी रेंगाळावं लागतं, अडीच मिमीची भिंत नको तेवढी तापते आणि पुढे भेग जाते ती बहुतेक वेल्डच्या कडेने, ट्यूबमध्ये. गेटला स्वतःचं वजन पेलायचं असतं. चेसिसला दर ब्रेकला, दर वळणाला उलटसुलट ताण बसतो.

आता जीआय. प्लंबिंगचा ‘एक इंची’ पाइप बाहेरून 33.7 मिमी असतो. मध्यम जाडीचा, म्हणजे 3.2 मिमी भिंतीचा घेतला तर मीटरला सुमारे 2.4 किलो. 25.4 × 2.5 (बाहेरचा व्यास × भिंत, मिमी) ची ट्यूब मीटरला 1.4 किलो. फ्रेमला तीस मीटर लागले तर तीस किलो फुकटचे वाढले! जस्ताचा धूर अंगात ताप आणतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे सोडतो. रोल केजसाठी, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्यासाठी, तर हा पाइप नावालाही नको. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतलं कलम 253 कोल्ड ड्रॉन (न तापवता ओढलेली) सीमलेसच मागतं, मुख्य हूप, म्हणजे पिंजऱ्याची मुख्य कमान, किमान 45 × 2.5 किंवा 50 × 2.0 मिमी.

राहता राहिली तुमची चेष्टा, की फोटोत मे महिन्याच्या उकाड्यात टेबल फॅन बंद का. टिग वेल्डिंगमध्ये वेल्डला हवेपासून झाकणारा आर्गॉन वायू वाऱ्याच्या झुळकीनेही उडतो आणि वेल्ड स्पंजासारखा जाळीदार होतो. तुमचा फॅब्रिकेटर काडीने वेल्डिंग करतो, त्याचं फ्लक्स वितळून स्वतःच आवरण धरतं. त्याने फॅन लावला तर बिघडत नाही.