शाळेला ग्रँट आहे ना, मग पैसे जातात कुठं?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर परत तोच विषय निघालाय. बिल्डिंग एवढी देखणी, इंग्रजांच्या काळातली, काळ्या दगडातली, आणि अवस्था बघा, शंभर टक्के अनुदानित शाळा आहे मग पैसे जातात कुठं वगैरे वगैरे. मी शाळेच्या हिशोबाच्या कामात थोडाफार असतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांब होईल, पण सोलापुरात शिकून बाहेर गेलेल्यांनी तरी पूर्ण वाचा ही विनंती.

शंभर टक्के अनुदान म्हणजे शंभर टक्के पगार, बास. तो शालार्थमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पगार प्रणालीतून, थेट शिक्षकांच्या खात्यावर जमा होतो, त्यातला एक रुपया बिल्डिंगला लागत नाही. लाईट बिल, पाणी, झाडू, फिनेल, खडू, प्रयोगशाळेतलं ॲसिड, फुटलेली काच, तुंबलेलं संडास, या सगळ्यासाठी जे असतं त्याला वेतनेतर अनुदान म्हणतात. ते मधे कित्येक वर्षं बंदच होतं, 2013 पासून परत सुरू झालं, तेही पगाराच्या पाच टक्के आणि तो पगारसुद्धा जुन्या वेतन आयोगाचा धरून. आता पटसंख्या कमी झाली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात, शिक्षक कमी होणार, शिक्षक कमी झाले की पगाराचा आकडा कमी आणि त्यावरचे पाच टक्के अजून कमी. पण छप्पर तेवढंच राहतं ना! वर्गात साठ पोरं असोत नाहीतर पंचवीस, पाऊस सगळ्या कौलांवर सारखाच पडतो.

छपराचं सांगतो कारण ते मी स्वतः वर चढून बघितलंय. दरवर्षी मे महिन्यात मंगलोरी कौलं शाकारायला लागतात, म्हणजे उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, खालच्या रिपा कुजल्यात का बघायचं, वाळवी लागलेला वासा बदलायचा, पन्हळीतला पाला काढायचा आणि परत एकावर एक बसवायची. हे काम येणारी माणसं सोलापुरात आता शोधून सापडत नाहीत, त्या मापाची जुनी कौलं मिळत नाहीत, नवीन बसवली तर खाच जुळत नाही आणि फटीतून पाणी थेट सागवानी तुळईवर. एक वर्ष शाकारणी चुकली की पुढच्या वर्षी खर्च दुप्पट. पैसे नसले की सगळे एकच सल्ला देतात, पत्रे टाका. अहो, सोलापूरच्या एप्रिलमधे 42-43 डिग्रीत पत्र्याखाली पोरांना बसवून बघा. ती उंच छतं, ते जाड दगड, ते व्हरांडे बांधणाऱ्यांनी इथलं ऊन बघूनच बांधलेत. दुसरा सल्ला सिमेंटचा. मूळ बांधकाम चुन्यातलं आहे, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. मागं कुणीतरी चांगल्या हेतूनं दगडांच्या दरजा सिमेंटनं भरून दिल्या, आता तिथलेच दगड पापुद्रे सोडतायत.

इंग्रजांच्या काळात तरी सरकार सगळं द्यायचं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. 1854 च्या वुडच्या खलित्यातून, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणपत्रातून, ग्रँट-इन-एड (सरकारी अनुदान) आली तेव्हाच अट होती की शाळेनं फी, थोडी का होईना, घ्यायचीच, स्थानिक लोकांनी शाळा चालवायची, तपासणीला इन्स्पेक्टर येणार, मग सरकार भर घालणार. म्हणजे शाळा गावाची आणि सरकार मदतीला, अशी रचना. फी ज्यांना परवडत नव्हती त्यांना नादारी मिळायची, म्हणजे फी माफ, किती पोरं नादारीवर आणि वार लावून, म्हणजे रोज वेगळ्या घरी जेवून मॅट्रिक झाली. मिल, पेढ्या, अडत दुकानं, वकील मंडळी अशांच्या देणग्यांवर जुन्या शाळा उभ्या राहिल्या. आज फी घेता येत नाही, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण आमच्या शाळेत आज जी पोरं येतात त्यांच्या आया विड्या वळतात, बाप पॉवरलूमवर नाहीतर रिक्षावर. घरी कोण तेलुगू बोलतं, कोण कन्नड, कोण उर्दू, आणि शाळेत मराठीतनं बीजगणित शिकतात. ज्यांना परवडत होतं ते इंग्लिश मिडियमला गेले. फी गेली, मिल बंद पडल्या, अडत्यांची पुढची पिढी पुण्याला. रचनेतला गावाचा जो वाटा होता तोच गळाला आणि त्या जागी कुणी आलंच नाही.

आणि शिपाई! डिसेंबर 2020 च्या जीआरनं खासगी अनुदानित शाळांतली शिपाई-पहारेकऱ्यांची पदं रिटायरमेंटनंतर भरायची बंद झाली, त्याऐवजी ठोक भत्ता. आपल्या वेळचे मामा आठवतात ना, घंटा देणारे, पाण्याची टाकी धुणारे, दंगा करणाऱ्याच्या घरी जाऊन सांगणारे? ते पदच आता नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. टाकी कधी भरायची, टँकर कधी मागवायचा हे बघायला माणूस नसला तर मुलींच्या बाथरूमला कुलूप लागतं, आणि आठवी-नववीच्या मुली त्या दिवसांत घरी थांबतात. मला या सगळ्यात सर्वात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

आता माजी विद्यार्थ्यांबद्दल, राग मानू नका. आपण गेट-टुगेदर करतो, डिजिटल बोर्ड देतो, बाकं देतो, प्रत्येक बाकावर बॅचचं नाव. चांगलंच आहे. पण त्या बोर्डाचं लाईट बिल कोण भरणार हे कुणी विचारत नाही, आणि शाळेला घरगुती दरानं वीज मिळत नाही. सीएसआरवाल्यांना, म्हणजे समाजकार्याला पैसे देणाऱ्या कंपन्यांना, पण नवीन काहीतरी उद्घाटन करायचं असतं, शाकारणीचा फोटो कोण काढणार. मैदान भाड्यानं द्या, पुढं गाळे काढा असंही सुचवतात. ट्रस्टची जागा दीर्घ मुदतीनं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि मैदान एकदा लग्नाच्या मांडवाखाली गेलं की पोरांना परत मिळत नाही, हे आपण शहरात बघतोयच.

माझं म्हणणं सरळ आहे. दरमहा द्या, थोडं द्या, आणि कशासाठी ते शाळेला ठरवू द्या. दोनशे जणांनी महिन्याला तीनशे रुपये बँकेतून आपोआप जातील असं लावलं तर महिन्याला साठ हजार, वर्षाला सात लाख वीस हजार. त्यात शाकारणी, टँकर, साफसफाईला एक पूर्णवेळ बाई आणि एक मामा सहज बसतात आणि थोडे कायम निधीत टाकता येतात. हिंजवडीत बसलेल्या आपल्यातल्या कुणालाही तीनशे रुपये जड नाहीत.

संस्थाचालकांनाही तेवढंच स्पष्ट सांगायचंय. लोक पैसे देत नाहीत त्याचं निम्मं कारण तुम्ही हिशोब दाखवत नाही हे आहे. ऑडिट रिपोर्ट धर्मादायला जातोच, त्याची एक प्रत शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा. या पैशाचं खातं वेगळं ठेवा, सहीला एक मुख्याध्यापक, एक पालक, एक माजी विद्यार्थी. नातेवाइकाला ठेका नको. हे मी मीटिंगमधे बोललोय, अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या मीटिंगला परत विचारणार आणि जे उत्तर मिळेल ते इथंच लिहीन.

खातं उघडेपर्यंत कुणी पैसे पाठवू नका, मलाही नको. फक्त नाव, बॅच आणि महिन्याला किती देऊ शकाल ते इनबॉक्स करा. ती यादी घेऊनच मीटिंगला जायचंय.