डिझेल घेण्याआधी रोजचा रस्ता बघा
डिझेल गाड्यांवरच्या एका लेखात ‘डिझेल म्हणजे बचत’ असं सरसकट म्हटलंय, ते पुण्यात गाडी चालवून मला पटत नाही. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, त्यात इंधन पेटवावं लागायचं. रुडॉल्फ डिझेलने ते पेटवणंच काढून टाकलं. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेट घेतं. १८९७ च्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. वाफेची इंजिनं तेव्हा बरीच मागे होती. बचतीची ख्याती तिथली, आणि ती खरीच.

पण २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग, जरा वेगात चालावी लागते. रोजचं कोथरूड ते स्वारगेट, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मग कुठली जळतेय! आमच्या मेहुण्यांच्या डॅशबोर्डवर सहा महिन्यांत फिल्टर तुंबल्याचा दिवा लागला. शोरूममध्ये यावर चकार शब्द नाही, सनरूफवर मात्र अर्धा तास प्रवचन. दर आठवड्याला कोल्हापूर गाठणाऱ्याने खुशाल डिझेल घ्यावी.

आणि हो, टेस्ट ड्राइव्ह सपाट रस्त्यावर नको. घरचे चौघं बसवा, एसी लावा आणि कात्रजचा घाट चढा.