हेम्पला परवाना लागत नाही, असे सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

कागल तालुक्यात ऊस करणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पाठवला आणि त्याखाली विचारले, "दोन एकर लावून बघू काय?" संदेशाचा आशय असा: ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेला हेम्प (गांजाच्याच वंशातले, धाग्यासाठी व बियांसाठी लावायचे झाड) म्हणजे गांजा नव्हे, म्हणून त्याच्या लागवडीला परवाना लागत नाही. केंद्राने त्याला अन्न म्हणून मान्यता दिली आहे. अमेरिकेत तो पूर्ण मोकळा आहे. त्याच्या तेलाने मधुमेह आणि कर्करोग बरा होतो. तेव्हा खोडवा मोडा आणि बियाण्याची आगाऊ नोंदणी करा. हाच मजकूर नंतर भावकीच्या गटावरही आला, म्हणून हे उत्तर जाहीरपणे लिहीत आहे.

यातला सर्वांत घातक दावा पहिला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, ०.३ टक्क्यांची रेघ कोठेही नाही. त्या कायद्याने कॅनॅबिस, म्हणजे गांजा-भांगेच्या, वंशातील कोणत्याही झाडाला एकाच व्याख्येत घातले आहे आणि कलम ८ ने त्याच्या लागवडीस मनाई केली आहे. कलम १० प्रमाणे राज्य सरकार लागवडीचे नियमन करू शकते, आणि कलम १४ प्रमाणे केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कारणासाठी अथवा बागकामासाठी सरकार आदेशाने परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ पासून अशी परवाना पद्धत सुरू केली आणि ०.३ टक्के ही त्या परवान्यातली अट आहे. अट पाळली म्हणजे परवान्याची गरज संपते, हा अर्थ संदेश लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीने काढलेला आहे, आणि उत्तराखंडाचा परवाना काही कागलच्या शिवारात चालत नाही.

विनापरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. "आम्हाला हेम्प म्हणून बी दिले होते" असे सांगून सुटका होईल, असे कोणी समजू नये, कारण कलम ३५ प्रमाणे न्यायालय आरोपीचा हेतू गृहीत धरते आणि तो नव्हता हे आरोपीलाच सिद्ध करावे लागते. शिवाय शेत दुसऱ्याला कसायला दिले असले, तरी तेथे असे पीक असल्याचे कळल्यावर ते तत्काळ कळवण्याची जबाबदारी कलम ४६ ने जमीनधारकावर टाकली आहे. उसाच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या पंचनाम्याच्या वेळी टक्केवारीवर वाद घालायला कोण उभे राहणार आहे?

टक्केवारी बियाण्याच्या पिशवीवर कायमची ठरत नाही, हेही संदेशात नाही. उसाचा उतारा जसा तोडणीच्या वेळेप्रमाणे बदलतो, तसे टीएचसीचे प्रमाण फुलोरा पक्व होताना वाढत जाते. म्हणूनच अमेरिकेत काढणीपूर्वीच्या तीस दिवसांत नमुने घेतात आणि मर्यादेबाहेर गेलेले पीक नष्ट करावे लागते किंवा प्रक्रिया करून मर्यादेत आणावे लागते.

अन्नाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली. पण ही परवानगी बियांपुरती आहे, पाने आणि फुलांना नाही, आणि त्यात सीबीडीची (याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या घटकाची) मर्यादा किलोला ७५ मिलिग्रॅम आहे. सीबीडीचे जे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मंजूर केले, त्याच्या एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम सीबीडी असते. म्हणजे दुकानातले बियांचे तेल औषध म्हणून पिणाऱ्याला तेलाखेरीज फारसे काही मिळत नाही.

ते औषध अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी आहे, त्यात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याशी त्याचा संबंध नाही. या दोन्ही रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करणे हाच १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. पानांच्या अर्काची आयुर्वेदिक तेले परवान्याने विकली जातात, हे खरे. भावकीतल्या एकाने मागवलेल्या ड्रॉपरच्या बाटलीवर मी स्वतः 'विजया' हे भांगेचे आयुर्वेदातले नाव वाचले. भांग औषधी नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत होती. संदेशात नेमकी तीच गाळली आहे.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो. २०१८ च्या शेती कायद्याने तेथे हेम्प कायदेशीर झाला. त्यातल्या फटीचा फायदा घेऊन सीबीडीपासून प्रयोगशाळेत बनवलेले डेल्टा-८ सारखे नशेचे पदार्थ पेट्रोल पंपांवर विकले जाऊ लागले, आणि राज्यांना एकामागून एक आवर घालावा लागला. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये टीएचसी आढळणारे हेम्पचे खाद्यपदार्थ बंद केले. टेक्सासच्या गव्हर्नरांनी २०२५ मध्ये संपूर्ण बंदीचे विधेयक नाकारले, पण २१ वर्षांखालील ग्राहकांना विक्री रोखणारा आदेश काढला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर केंद्रीय कायद्यानेच व्याख्या आवळून तयार मालाच्या एका डब्यात एकूण ०.४ मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली आणि अंमलबजावणीला वर्षाची मुदत ठेवली. याला मोकळीक म्हणत नाहीत.

संदेशात एकरी उत्पन्नाचे आकडेही होते, त्यांवर मी वेळ घालवत नाही, कारण त्यात खरेदीदाराचे नाव नाही. संदेशातल्या क्रमांकावर मी दोनच प्रश्न लेखी विचारले: लागवडीची परवानगी कोणत्या सरकारी आदेशाने मिळाली आहे, आणि माल कोणता परवानाधारक घेणार आहे? उत्तरादाखल बियाण्याचे दरपत्रक आले.