समुपदेशकाने बोलावले, तर आई-वडिलांनीही जायला हवे

आज एका परिचित गृहस्थांनी तक्रारीच्या सुरात सांगितले, की त्यांची तेरा वर्षांची मुलगी बरेच आठवडे समुपदेशनाला जात आहे, तरी घरात कोणाशी धड बोलत नाही, आणि आता समुपदेशिका आई-वडील दोघांनाच भेटायला बोलावत आहेत. "त्रास तिला आहे, आम्ही येऊन काय करणार?" हे त्यांचे वाक्य ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे.

माझ्या भाचीच्या वेळी मी सोबत होते. ती तेव्हा बारा वर्षांची होती. मैत्रिणींनी तिला आपल्यातून वगळले होते आणि शाळेतून आली की ती खोलीत जाऊन बसायची. समुपदेशिकेने दुसऱ्याच भेटीला आई, वडील, आजी आणि धाकटा भाऊ, सगळ्यांना समोर बसवले आणि विचारले, "हिला वाईट वाटले आहे, हे घरात सर्वांत आधी कोणाला कळते?" मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. आठ वर्षांचा भाऊ म्हणाला, "मला कळते. ताई चिडली की दार आपटते, आणि तिला रडायचे असले की दार अगदी हळू लावते." घरातल्या मोठ्यांनी तोवर फक्त आपटलेल्या दाराचीच दखल घेतली होती, आणि त्यावरून तिला बोलणीही खावी लागली होती.

किशोरवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. चिडचिड, उलट उत्तरे, अभ्यासावरून उडालेले मन अशा रूपांत ते समोर येते, आणि आपण त्याला उद्धटपणा म्हणून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ या वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. एवढी मुले काय आपापल्या खोलीत एकटीच आजारी पडतात? व्हर्जिनिया सटीर आणि साल्वादोर मिनुचिन यांच्यासारख्या उपचारकांनी गेल्या शतकातच संपूर्ण कुटुंबाला समोर बसवून काम करायला सुरुवात केली, कारण ज्याला 'रुग्ण' म्हणून पुढे केले जाते, त्याच्या वागण्यात अनेकदा साऱ्या घरातला ताण उमटलेला असतो. असे असूनही मुलाला दारापाशी सोडून आपण बाहेर फोन पाहत बसायचे आणि तासाभराने ते बदलून बाहेर यावे अशी अपेक्षा करायची, याचा मला संताप येतो.

सगळेच समुपदेशक चांगले नसतात आणि प्रत्येक त्रासाचे मूळ घरात नसते, हे मान्य. भाचीला त्रास मैत्रिणींनी दिला होता, आई-वडिलांनी नव्हे. पण तो सांगण्याची जागा तिला घरात सापडत नव्हती, आणि तेवढे बदलणे घरच्यांच्याच हाती होते.

याच गृहस्थांची दुसरी तक्रार अशी, की मुलगी आत काय बोलते ते समुपदेशिका त्यांना सांगत नाहीत. त्यांनी ते सांगूच नये! मूल स्वतःच्या जिवाला अपाय करण्याच्या विचारात असेल, कोणी त्याच्यावर अत्याचार करत असेल, किंवा त्याच्यामुळे दुसऱ्याला धोका असेल, तर गोपनीयता बाजूला ठेवली जाते, आणि चांगला समुपदेशक हे मुलाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो. बाकीचे बोलणे मुलाचे असते. ते रात्री जेवताना आपल्याच कानावर परत येणार असेल, तर कोणते मूल तोंड उघडेल?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ते गृहस्थ वाईट नाहीत. ते घाबरले आहेत, आणि आपल्याकडे बोट दाखवले जाईल या भीतीने आत जायचे टाळत आहेत. भाचीच्या वडिलांनाही हीच भीती होती, पण प्रत्यक्षात त्यांना कोणी दोष दिला नाही. रोज थोडा वेळ गुणांचा विषय न काढता आणि सल्ला न देता मुलीजवळ बसायचे, एवढेच एक काम त्यांना दिले गेले. सुरुवातीचे काही दिवस दोघेही गप्प बसत. मैत्रिणी काही परत आल्या नाहीत, पण कोणत्या मुलीने काय म्हटले होते हे तिने पहिल्यांदा सांगितले ते वडिलांनाच.

म्हणून, ज्यांना असा निरोप आला आहे त्यांनी कृपा करून जावे, आणि वडिलांनी विशेष करून जावे, कारण बहुतेक वेळा आई एकटीच येते आणि घरातल्या सगळ्यांच्या वतीने तीच उत्तरे देत बसते.